मागल्या गाडीचा लगाम



उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे आमच्या भागांतील रस्त्यांवर रात्रीं एक विलक्षण देखावा दिसूं लागतो. पुढें एक ट्रॅक्टर, त्याच्यामागें एक ट्रॉली, तिच्यामागें आणखी एक ट्रॉली, आणि दोन्हींवर मोळ्यांचा असा डोंगर रचलेला कीं, मागून येणाऱ्यास पुढें काय चाललें आहे याचा पत्ताच लागूं नये. ट्रॅक्टरला दिवे आहेत, ब्रेक आहेत. मागल्या दोन गाड्यांना बहुधा यांपैकीं कांहींच नसतें. एखाद्या जाणत्या मालकानें रेडियमची लाल पट्टी चिकटविली असली तर तीहि पाचटाखालीं झांकून जाते.

माझा एक विद्यार्थी अशाच एका उभ्या ट्रॉलीवर आपली मोटारसायकल घेऊन आदळला व जागच्या जागीं गेला. गणितांत फारसा हुशार नव्हता, पण शाळेची घंटा बिघडली कीं ती दुरुस्त करावयास आम्ही त्यालाच बोलावीत असूं. मी त्याच्या घरीं भेटावयास गेलों तेव्हां त्याचे वडील ओटीवर बसून एकच गोष्ट पुन्हां पुन्हां विचारीत होते, "गुरुजी, तिला साधा दिवा कां नव्हता हो?" मला त्या दिवशीं उत्तर देतां आलें नाहीं. पुढें नोकरीतून मोकळा झाल्यावर या एका प्रश्नाच्या मागें लागून जें मिळेल तें वाचीत गेलों, आणि ध्यानांत आलें कीं, मागल्या गाडीला दिवा व ब्रेक पोंचविण्याच्या या साध्या दिसणाऱ्या कामापायीं शहाण्या माणसांनीं दीडशें वर्षें डोकें खाजविलें आहे. आजचें भाषण त्या इतिहासाचें आहे.

बैलगाडीच्या काळीं हा प्रश्न नव्हता. बैल, जूं आणि साटी हीं सारीं एकाच गाडीवानाच्या हाताखालचीं. उतार लागला कीं तो कासरा खेंची, आणि चढावर उभें राहावें लागलें तर चाकाखालीं दगडाची उटी लावी. रात्रीं गाडीखालीं एक कंदील लोंबत असे. त्याचा उजेड तो काय, परंतु तो हलतांना मागून येणाऱ्यास दिसे व तेवढ्यानें भागत असे. गाडीला गाडी जोडण्याची युक्ति निघाली तेव्हां मात्र गोष्ट पालटली. ओढणारी शक्ति पुढें, ओझें मागें, आणि मधे केवळ एक आंकडा. पुढली चालली म्हणजे आंकडा मागलीला ओढतो हें खरें. परंतु पुढली थांबली म्हणजे मागली थांबेलच असें नाहीं. ती आपल्या वजनाच्या जोरावर पुढलीला लोटीत राहते. आणि आंकडाच निसटला तर मग ती कोणाचेंच ऐकत नाहीं.

हा पेंच सर्वांआधीं आगगाडीस पडला. आरंभीं इंजिनाला ब्रेक असे व मधून मधून कांहीं डब्यांना हातानें फिरवावयाचे ब्रेक असत. ड्रायव्हरनें शिटी द्यावयाची आणि ती ऐकून त्या त्या डब्यांतील माणसानें चाक पिळावयाचें. अमेरिकेंत तर मालगाडीचे ब्रेकवाले धांवत्या गाडीच्या टपावरून, बर्फ असो पाऊस असो, एका डब्यावरून दुसऱ्यावर पळत जाऊन ब्रेक आवळीत. त्यांतले किती खालीं पडून मेले याची त्या काळीं कोणी फारशी दाद घेत नव्हतें.

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणें हा पहिला लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला, आणि दहा वर्षांनीं, १८६३ सालीं, गाडी बोरघाट चढूं लागली. कोठें कोठें ३७ फुटांस एक फूट असा तो चढ आहे. तेथें मधेंच एका ठिकाणीं गाडीचें तोंड फिरवावें लागे. १८६९ सालीं घाट उतरणारी एक मेल गाडी ब्रेकांस न जुमानतां त्या फिरवणीच्या जागेवरून पुढें निघून कोसळली. घाटांत ठिकठिकाणीं आवरेनाशा झालेल्या गाडीला चढावर नेऊन थोपविणाऱ्या फांट्या घातलेल्या आहेत, त्या याच भीतीच्या पोटीं. कर्जतला वडा खाण्यापुरती गाडी थांबते व मागें आणखी इंजिनें लागतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तीं गाडी वर ढकलण्यासाठीं आहेत हें आपण मुलांना सांगतों. परंतु घाटांत चढण्यापेक्षां उतरणें अवघड, हें सांगावयाचें बहुधा राहून जातें.

१८६९ च्याच एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस नांवाच्या बावीस वर्षांच्या तरुणानें हवेच्या ब्रेकाचें पेटंट घेतलें. आधीं त्याच्या मनांत वाफ वापरावी असें होतें. पण वाफ लांब नळींतून जातां जातां थंड होऊन तिचें पाणी होतें. फ्रान्स व इटली यांच्या सीमेवर आल्प्स पर्वतांत मों सनी येथें बोगदा खणतांना दाबलेल्या हवेनें छिद्रें पाडणारीं यंत्रें चालवीत असत. त्याची हकीकत त्याच्या वाचनांत आली आणि त्याचा मार्ग मोकळा झाला. इंजिनावर हवेची टांकी, तेथून सर्व डब्यांखालून जाणारी नळी, आणि प्रत्येक डब्याखालीं एक नळकांडें. ड्रायव्हरनें हवा सोडली कीं सर्व डब्यांचे ब्रेक लागत. एका माणसाच्या हातांत सारी गाडी आली.

परंतु या योजनेंत एक घातक उणीव होती. नळी फुटली किंवा डबे तुटून वेगळे झाले तर हवा बाहेर जाई, आणि नेमका जेव्हां ब्रेक हवा तेव्हां तो नाहींसा होई. वेस्टिंगहाउसच्या हें लौकरच लक्षांत आलें व १८७२ सालीं त्यानें सारी योजना उलटी केली. आतां प्रत्येक डब्याखालीं हवेची निराळी टांकी आली. नळींत दाब सतत भरलेला राहावयाचा, आणि तो दाब कमी झाला कीं एक झडप हलून डब्याखालच्या टांकीतील हवा ब्रेकाच्या नळकांड्यांत शिरावयाची. म्हणजे ब्रेक लावावयाचा तर नळींतील हवा सोडावयाची. नळी फुटली, आंकडा तुटला, डबा सुटला, तरी परिणाम एकच: गाडी उभी राहते. मला विचाराल तर पहिल्या शोधापेक्षां हा दुसरा शोध मोठा. पहिल्यांत चातुर्य आहे; दुसऱ्यांत, आपलें यंत्र एक दिवस मोडणार आहे ही जाणीव आहे.

विलायतेंत हवेऐवजीं निर्वाताचा, म्हणजे व्हॅक्यूमचा, ब्रेक अधिक पसरला. त्यांतहि दोन जाती होत्या. एक साधी, जिच्यांत नळी तुटली कीं ब्रेक सुटे. दुसरी आपोआप लागणारी. साधी स्वस्त पडे. सरकारी खातें वर्षानुवर्षें कंपन्यांना दुसरी जात घ्या म्हणून सांगत होतें, आणि पुष्कळ कंपन्या खर्चाकडे बोट दाखवीत होत्या.

१२ जून १८८९ रोजीं आयर्लंडमध्यें आर्मा या गांवाहून एक सहलीची गाडी निघाली. रविवारच्या धर्मशाळेंतील मुलें, त्यांचे आईबाप व शिक्षक मिळून नऊशेंहून अधिक माणसें समुद्रकांठीं वॉरनपॉइंट येथें चाललीं होतीं. डबे पंधरा. ब्रेक साध्या व्हॅक्यूमचा. गांवाबाहेर ७५ फुटांस एक फूट असा चढ लागला आणि माथा थोडक्यावर आला असतां इंजिनाचा दम सरला. मागून नेहमीची गाडी येण्याची वेळ होत आलेली. कंपनीचा जो अधिकारी बरोबर होता त्यानें ठरविलें कीं, गाडीचे दोन भाग करावे. पुढले पांच डबे घेऊन इंजिनानें पुढल्या स्टेशनावर जावें, तेथें ते ठेवून परत यावें, आणि मग मागले दहा न्यावे.

आतां पाहा काय झालें. डबे सोडतांना ब्रेकाची नळीहि सोडावी लागली. नळी सुटतांच मागल्या दहा डब्यांचे ब्रेक सुटले. उरला तो शेवटच्या डब्यांतील गार्डाचा हातब्रेक, आणि चाकांखालीं घातलेले दगड. बैलगाडीवाल्याची उटीच ती! इंजिन पुढें जाण्यासाठीं हललें तें आधीं किंचित् मागें आलें, मागल्या डब्यांस धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि दहा डबे उताराला लागले. डब्यांचीं दारें बाहेरून कुलुपबंद केलेलीं होतीं. सुमारें दीड मैल ते डबे वेग घेत घेत खालीं गेले आणि चढ चढत येणाऱ्या नेहमीच्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसें मेलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. त्या दुसऱ्या गाडीचेहि डबे धक्क्यानें इंजिनापासून तुटले व उलटे घसरूं लागले होते. ते तेवढे हातब्रेकांनीं थोपवितां आले.

पार्लमेंटानें मग वेळ लावला नाहीं. त्याच वर्षीं ३० ऑगस्ट रोजीं कायदा झाला आणि उतारूंच्या प्रत्येक गाडीला आपोआप लागणारा अखंड ब्रेक सक्तीचा झाला. जी गोष्ट इंजिनियर सतरा वर्षें आधीं करून बसले होते, ती अमलांत आणावयास अडीच महिने पुरले. मधली सतरा वर्षें कशांत गेलीं हें त्या मुलांच्या आईबापांनीं कोणास विचारलें असेल कोण जाणे.

आपल्या देशांतहि व्हॅक्यूमचा ब्रेकच पुढें बहुतेक सगळीकडे आला, आणि तो आपोआप लागणाऱ्या जातीचा. धोक्याची सांखळी ओढली म्हणजे गाडी थांबते, तें कशानें? आमच्या लहानपणीं आम्हांस वाटे कीं, इंजिनांत घंटा वाजते. वास्तविक ती सांखळी एक झडप उघडून नळींत बाहेरची हवा शिरूं देते. म्हणजे उतारू आपल्या हातानें, शिस्तशीरपणें, नळी तोडीतच असतो. आतां आपल्या रेल्वेवर व्हॅक्यूम जाऊन दाबलेल्या हवेचे ब्रेक आले आहेत, तरी तत्त्व तेंच राहिलें आहे.

विजेचा या कथेंत प्रवेश होतो तो १८८७ सालीं. अमेरिकेंतील बर्लिंग्टन गांवीं १८८६ व १८८७ अशीं दोन वर्षें पन्नास पन्नास डब्यांच्या मालगाड्यांवर ब्रेकांच्या चांचण्या झाल्या. त्यांत दिसून आलें कीं, इतक्या लांब नळींतून हवेचा निरोप शेवटच्या डब्यापर्यंत पोंचावयास वेळ लागतो. तोंवर पुढले डबे थांबलेले आणि मागले त्यांवर येऊन धडकतात. मग ज्यांच्या झडपा विजेच्या तारेनें हलविल्या जात असे ब्रेक तेथें सरस ठरले, कारण विजेला पन्नास डबे काय आणि पांच काय! परंतु वेस्टिंगहाउसनें थोड्याच अवधींत आपली झडप इतकी सुधारली कीं, विजेवांचून काम भागलें. आणि रेल्वेवाल्यांनींहि सुटकेचा श्वास टाकला असावा. कारण प्रत्येक दोन डब्यांमध्यें विजेचा सांधा, त्यावर धूळ, दंव, गंज आणि सतत हादरे. एक सांधा रुसला कीं पुढलें सारें मुकें. हवेची नळी गळूं लागली तर फुसफुसते, कानीं येतें. तार तुटली तर ती कांहींच बोलत नाहीं.

पुढें मोटार आली आणि तोच पेंच सडकेवर उतरला. डेट्रॉइटमध्यें ऑगस्ट फ्रूहॉफ नांवाचा एक लोहार होता. १९१४ सालीं लांकडाच्या एका व्यापाऱ्यानें त्याला म्हटलें, माझी नाव माझ्या फोर्ड गाडीमागून नेतां येईल असें कांहीं करून दे. लोहारानें गाडी करून दिली, ती पसंत पडली, आणि मग त्याच व्यापाऱ्यानें लांकूड वाहावयास तसल्याच आणखी गाड्या करविल्या. घोडा जितकें पाठीवर घेऊं शकतो त्याहून कितीतरी अधिक ओढूं शकतो, हें लोहाराला सांगावें लागत नाहीं. आमच्याकडे ज्याला ट्रॉली म्हणतात त्या ट्रेलरचा धंदा तेथून वाढीस लागला.

मोठ्या मालमोटारींवर हवा दाबणारा पंप बसवितां येतो, म्हणून त्यांच्या ट्रेलरांस वेस्टिंगहाउसचीच हवा मिळाली. परंतु लहान मोटारीमागें जोडावयाच्या हलक्या ट्रेलरास हा खटाटोप परवडत नाहीं. मोटारींत तेलाच्या दाबाचे ब्रेक असतात. तें तेल मागल्या गाडीपर्यंत न्यावें तर प्रत्येक वेळीं जोडतां सोडतां तें सांडणार व नळींत हवा शिरणार. मोटारींत आयती तयार अशी एकच वस्तु होती: बॅटरी. विस्कॉन्सिन संस्थानांतील बेलॉइट गांवीं आर्थर वॉर्नर नांवाचा मोठा खटपटी गृहस्थ होता. त्यानें चुंबकाच्या तत्त्वावर मोटारीचा वेग मोजणारें यंत्र करून नांव मिळविलें होतें, आणि १९०९ सालीं स्वतः विमान विकत घेऊन, कोणाकडून न शिकतां, तें उडवूनहि पाहिलें होतें. त्याच गांवीं १९२७ सालीं विजेच्या ब्रेकांचा कारखाना उभा राहिला. ट्रेलरांच्या विजेच्या ब्रेकांची आजची घडण मुळांत तीच आहे.

ही घडण सांगण्याचा मोह मला आवरत नाहीं, कारण आठवीच्या वर्गांत खिळ्याभोंवतीं तांब्याची तार गुंडाळून टाचण्या उचलून दाखविण्याचा जो प्रयोग मीं तीस वर्षें केला, त्यापलीकडे हिच्यांत कांहीं नाहीं. विल्यम स्टर्जन या इंग्रज गृहस्थानें, जो एके काळीं चांभाराच्या हाताखालीं उमेदवारी करीत होता, १८२५ च्या सुमारास असला विद्युच्चुंबक प्रथम करून दाखविला. आतां कल्पना करा कीं, चाकाबरोबर फिरणारें लोखंडाचें एक भांडें आहे. त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या आंत, न फिरणाऱ्या पत्र्यावर, ब्रेकाच्या दोन अर्धगोल पट्ट्या आहेत. एका तरफेच्या टोंकाला तारेच्या वेटोळ्यांचा चुंबक बसविला असून तो ड्रमच्या सपाट तळाला हलकेंच टेंकला आहे. वीज आली कीं चुंबक त्या फिरत्या तळाला चिकटूं पाहतो आणि त्याच्याबरोबर फरफटत जाऊं लागतो. त्यामुळें तरफ कलते, आणि तिचें दुसरें टोंक पट्ट्यांना फांकवून ड्रमवर दाबतें. म्हणजे चाक थांबविण्याचें बळ विजेचें नाहीं, चाकाचेंच आहे! वीज केवळ चाकाला त्याचेंच बळ त्याच्याविरुद्ध वापरावयास लावते. म्हणून बारा व्होल्टवर एका चुंबकास तीनसाडेतीन अँपिअर प्रवाह पुरतो, आणि तेवढ्यावर टनभर ओझें आवरतें.

याच गुणांतून त्याचा एक दोष निघतो. चाक फिरत नसेल तर तरफ ओढावयास कोणी नाहीं. उताराला उभी केलेली गाडी या ब्रेकाच्या भरंवशावर सोडूं नये; तेथें पुन्हां उटीच लावावयाची. शिवाय गाडी मागें घेतांना हा ब्रेक पुढें जातांना धरतो तितका धरीत नाहीं.

पुढें बसलेल्या ड्रायव्हरनें किती वीज सोडावी हें ठरविणाऱ्या खटक्याचाहि इतिहास आहे. प्रथम हातानें सरकविण्याचा दांडा असे. दांडा जितका सरके तितकी अवरोधाची तार कमी होऊन प्रवाह वाढे. मग तो मोटारीच्या तेलाच्या नळीला जोडूं लागले, कीं पाय जितका दाबला जाईल तितकी वीज मागें जावी. पुढें मोटारींचे ब्रेक स्वतःच नाजुक व विजेवर विचार करणारे झाले. त्यांच्या तेलाच्या नळीला हात लावण्याची सोय राहिली नाहीं. तेव्हांपासून हा खटका ब्रेकाच्या दिव्याच्या तारेवरून आज्ञा घेऊं लागला. कांहीं खटक्यांत एक लंबक असे. मोटार जितक्या जोरानें थबकेल तितका तो पुढें झुले आणि तितकीच वीज मागें पाठवी. आतां लंबकाचें काम एक इवलासा तुकडा करतो.

परंतु आर्माच्या गोष्टीवरून जो कान आपण टवकारला आहे त्याला येथें खटकलें पाहिजे. हवेच्या ब्रेकांत नळी तुटली तर गाडी थांबते. या विजेच्या ब्रेकांत तार तुटली तर काय होतें? चुंबक मेला, ब्रेक सुटला. म्हणजे वेस्टिंगहाउसनें १८७२ सालीं जी चूक सुधारली ती सडकेवर पुन्हां जशीच्या तशी येऊन बसली. यावर जो उपाय निघाला तो मला फार सुबक वाटतो. ट्रेलरच्या दांडीवरच एक लहान बॅटरी ठेवावयाची. तिच्यापासून चुंबकांकडे जाणाऱ्या तारेंत एक खटका, आणि त्या खटक्यांत विजेला अडविणारी एक पिन. पिनेला पोलादी दोरी बांधून ती पुढल्या मोटारीच्या सांगाड्याला अडकवावयाची. आंकडा निसटून ट्रेलर मागें राहिला कीं दोरी ताणली जाते, पिन निघते, खटका मिटतो, आणि ट्रेलर आपल्याच बॅटरीवर आपले ब्रेक लावून उभा राहतो. वेस्टिंगहाउसनें डब्याखालीं हवेची टांकी ठेवली, तीच ही टांकी. आंत हवेऐवजीं वीज आहे इतकेंच. अमेरिकेच्या संघराज्याच्या नियमांत व्यापारी वाहनांच्या ट्रेलरांसंबंधीं असें स्पष्ट म्हटलें आहे कीं, असे ब्रेक आपोआप लागून निदान १५ मिनिटें लागलेले राहिले पाहिजेत. ही दोरी ओढण्याच्या आंकड्यालाच बांधणारे बहाद्दर तेथेंहि आहेत. आंकडाच निघून आला तर दोरी त्याच्याबरोबर येईल आणि पिन जागची हलणार नाहीं, एवढा विचार त्यांनीं केलेला नसतो.

आतां दिव्यांकडे वळूं. आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा केवळ मागून येणाऱ्यासाठीं नसतो. स्टेशनावरील माणूस तो पाहून खात्री करून घेतो कीं, गाडी पुरी आली, कांहीं डबे मागें तुटून राहिले नाहींत. दिवा म्हणजे एक प्रकारची हजेरी. सडकेवरील ट्रेलराला मात्र एका दिव्यानें भागत नाहीं. रात्रीं दिसण्याचा, थांबतांना लागण्याचा, डावीकडे व उजवीकडे वळण्याचा, असे निरनिराळे निरोप मागें न्यावे लागतात. वळण्याचे लुकलुकणारे दिवे अमेरिकेंत १९३९ सालीं ब्यूइक मोटारींवर आले व पुढें सर्वत्र पसरले. अमेरिकेंत पुष्कळ गाड्यांना थांबण्याचा व वळण्याचा लाल दिवा एकच असतो. इतर देशांत वळण्याचा दिवा पिंवळा व निराळा. म्हणून एका देशाची मोटार व दुसऱ्या पद्धतीचा ट्रेलर यांची गांठ पडली कीं मधे एक दुभाषा बसवावा लागतो. साध्या ट्रेलरला चार तारांची जोडणी पुरते. विजेचे ब्रेक असले कीं सात तारांचा प्लग लागतो. त्यांत तेथील रिवाजाप्रमाणें निळी तार ब्रेकांची व पांढरी परतीची.

ही परतीची तार सर्वांत अधिक छळते. वीज गेली तशी तिला परत यावें लागतें हें पाठ्यपुस्तकांत असतें. परंतु मोटारींत परतीचा मार्ग म्हणून लोखंडी सांगाडाच वापरतात, आणि त्यामुळें माणूस ती गोष्ट विसरतो. ट्रेलराचा सांगाडा मोटारीच्या सांगाड्याला फक्त आंकड्यानें टेंकलेला असतो. आंकड्यावर वंगण, गंज आणि धूळ. एकच वाट नीट नसली कीं वीज दुसऱ्या दिव्यांच्या आंतून परत फिरावयास पाहते. मग डावीकडचा खटका दाबावा तर दोन्ही दिवे मंद लुकलुकतात, ब्रेक दाबावा तर रात्रीचा दिवाच विझतो. लोक दिवे बदलीत बसतात. दोष दिव्यांत नसतोच. आणि ब्रेकांचें तर याहून बिकट: चार चुंबकांना मिळून बारापेक्षां अधिक अँपिअर लागतात; बारा व्होल्टांपैकीं दोनतीन व्होल्ट गंजांत व बारीक तारेंतच खर्ची पडले, तर दिवे लागलेले दिसतात, पण ब्रेक निम्म्या मनानें धरतो. बर्लिंग्टनच्या रेल्वेवाल्यांस ज्या सांध्याची धास्ती वाटली होती तोच हा सांधा.

हें सारें वाचून झाल्यावर गेल्या हंगामांत मीं माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यास, जो आतां मोटारींच्या वायरिंगचें दुकान चालवितो, गळ घातली. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानें आपल्या दोन ट्रॉल्या देऊं केल्या. सांगाड्याखालून नळी घालून तींतून तारा नेल्या, मागें चार चार दिवे बसविले, दोन ट्रॉल्यांमध्यें व ट्रॅक्टरपाशीं प्लग केले. पहिल्या रात्रीं झकास लागले. तिसऱ्या दिवशीं मागल्या ट्रॉलीचे दिवे मिणमिणूं लागले. पोरगा दिवे उघडावयास निघाला, त्याला मीं म्हटलें, "बाबा, आधीं परतीची तार पाहा." त्यानें ती वेगळी न घालतां आंकड्याच्या खिळीवर भिस्त ठेवली होती. जाड तार घातली आणि दिवे पूर्ववत् झाले. त्याच्यासमोर आमची मास्तरकी थोडी मिरविली गेली हें कबूल करतों.

महिनाभरानें कारखान्याच्या गव्हाणीपाशीं ट्रॉली सोडतांना कोणी प्लग न काढतांच ट्रॅक्टर पुढें नेला व प्लग मुळापासून उपटला. तो पुन्हां बसविला. आतां ड्रायव्हर आंकड्याची खिळ काढण्यापूर्वीं प्लग काढतो, कारण तो उपटला तर दुरुस्तीचे पैसे त्याच्या पगारांतून जावयाचे असें मालकानें ठरविलें आहे. ब्रेकांचें मात्र अद्याप जमलेलें नाहीं. चुंबकाचे ब्रेक ट्रॉलीच्या कण्यावर बसतील असे आमच्या बाजारांत मिळत नाहींत, आणि मालक म्हणतो, "गुरुजी, दिवे झाले, ब्रेकांचें पुढल्या हंगामांत बघूं." घाटाच्या रस्त्यानें त्यानें दोन ट्रॉल्या एकदम नेऊं नयेत एवढें त्याच्याकडून कबूल करून घेतलें आहे. वाटेंत उभें राहावें लागलें तर लावावयास लांकडाच्या दोन चांगल्या उट्या सुताराकडून करवून त्या ट्रॅक्टरच्या सीटखालीं ठेवविल्या आहेत.